नॉक सेन्सर बदलला तरी चेक लाइट परत लागतोय – बेळगाव-खानापूरकडच्या जाणकारांनी वाट दाखवा

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. गाडी २०१४ ची, १.२ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल. गॅस किट वगैरे काही नाही. यंदा पाऊस ओसरला आणि चेक लाइट लागला. बेळगावात एका गॅरेजला दाखवली, स्कॅनरवर पी ०३२५ आला. "नॉक सेन्सर गेलाय" म्हणून नवा बसवला, कोड पुसला, दिवा विझला. आठवडा जायच्या आत परत तोच दिवा, तोच कोड.

त्रास असा आहे: जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढ लागला की गाडीला ओढच राहत नाही. मायलेज उतरलंय. आणि गाडी भरलेली असली की गोव्याहून येताना चोर्ल्याच्या चढाला पुढून कटकट-कटकट असा आवाज येतो. गॅरेजवाले आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदला म्हणतात. दुसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं पेट्रोल खराब. तिसरा म्हणतो दिव्याकडं बघूच नका, चालवत राहा.

ईसीएमचा खर्च ऐकून मी गाडी घरी आणलीय. माझ्याकडं मल्टिमीटर आहे, फोनला जोडायचं ब्लूटूथ डोंगल आहे आणि रविवार मोकळा आहे. कुठून सुरुवात करू?

कुंदाप्रेमी

पेट्रोल कुठलं भरता ते आधी सांगा की ओ. गोव्याला गेलं की टाकी फुल करूनच परतायचं, हा आमच्याकडचा कुळाचार आहे :)

मलप्रभाकाठ

गोव्याला गेलो तर तिथं, एरवी खानापुरात. कटकट दोन्ही पेट्रोलवर येते.

वीजतारा

दादा, ईसीएमला इतक्यात कुणाला हात लावू देऊ नका. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, गाड्यांचं वायरिंग हा माझा आवडीचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पी ०३२५ म्हणजे एक नंबरच्या नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किटमध्ये सेन्सर येतो, त्याचा कपलर (वायर जोडायचा प्लग) येतो, तिथून ईसीएमपर्यंत जाणारी वायर येते, त्या वायरवरची शिल्डची जाळी येते आणि ईसीएमच्या आतला तो भागही येतो. कोड यातल्या कुणाचंही नाव घेत नाही. त्याच्या शेजारचे कोडही बघून ठेवा: ०३२६ म्हणजे सिग्नल येतोय पण अपेक्षेत बसत नाही, ०३२७ म्हणजे फार कमी, ०३२८ म्हणजे फार जास्त, ०३२९ म्हणजे अधूनमधून तुटतोय. ०३३० पासून पुढचे दुसऱ्या सेन्सरचे. तुमच्या इंजिनाला बहुतेक एकच असेल.

सेन्सरच्या पोटात पिझो सिरॅमिकची चकती असते. तिला हादरा बसला की ती स्वतःच वीज तयार करते, पण ती फार थोडी. असा नाजूक सिग्नल कॉइल आणि इंजेक्टरच्या वायरींच्या शेजारून ईसीएमपर्यंत न्यायचा असतो, म्हणून त्या वायरीवर शिल्ड असतं. ते शिल्ड फाटलं, त्याचं अर्थिंग सुटलं किंवा त्याची तार आतल्या वायरीला टेकली, तर नवाकोरा सेन्सरही ईसीएमच्या दृष्टीनं खराबच ठरतो. सेन्सर बदलून कोड परत आला म्हणजे माझा पहिला संशय वायरीवर.

डोंगल लावा आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचा. कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम, हे त्यात धरून ठेवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं. तुमच्या गॅरेजनं ते न वाचताच पुसलं असणार.

अनगोळचा_बाळू

एवढं कशाला? ९५ ऑक्टेनवालं प्रीमियम पेट्रोल टाका, कटकट बंद. मित्राच्या गाडीची झाली.

वीजतारा

बाळू, तुटलेली वायर ऑक्टेननं जुळत नाही. मित्राच्या गाडीत कोड होता का?

अनगोळचा_बाळू

कोडचं माहीत नाही. आवाज होता, तो गेला. माझा मुद्दा आवाजाचा आहे. कटकट म्हणजे नॉकिंग आणि नॉकिंगला ऑक्टेन हेच औषध, हे तर मान्य कराल?

उद्यमबाग

बाळूशेठ, नॉकिंगला ऑक्टेन औषध हे मान्य. पण प्रत्येक कटकट नॉकिंग नसते.

नॉकिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. प्लगची ठिणगी पडली की ज्वाळा सिलिंडरभर पसरत जाते. तिच्या पुढं कोपऱ्यात जे मिश्रण शिल्लक असतं ते दाबलं जातं, तापतं, आणि ज्वाळा पोचायच्या आधीच आपोआप भडकतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि अख्खा ब्लॉक एका ठरावीक कंपनानं वाजतो. हा सूर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. ७० मिलिमीटरच्या आसपास बोअर असेल तर साधारण सात-आठ हजार हर्ट्झ. व्यास मोठा तर सूर खाली.

ब्लॉकला बोल्टनं आवळलेला सेन्सर डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखा हा सूर ऐकत असतो. तोही सतत नाही. पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाला की साधारण १० ते ६०-७० अंशांच्या खिडकीत ईसीएम कान देतो, कारण नॉक तेवढ्यातच होऊ शकतो. व्हॉल्व्ह बसल्याचा, इंजेक्टरचा आवाज यात मिसळू नये म्हणून ही सोय. नॉक ऐकू आला की त्या सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, काही अंश मागं घेतो, मग हळूहळू परत पुढं सरकवत राहतो.

आमचा धंदा ओतकामाचा. जुन्या कास्ट आयर्नच्या ब्लॉकमध्ये ग्राफाइटचे पापुद्रे असतात, ते कंपन गिळतात. ॲल्युमिनियम तेवढं गिळत नाही. त्यामुळं ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर कुठला तरी सैल ब्रॅकेट वाजला तरी सेन्सरपर्यंत जातो. आम्ही ओतलेला तुकडा हातोडीनं वाजवून तडा ओळखतो, तेच शास्त्र इथं आहे. म्हणून वीजतारा ताईंशी सहमत, आणि त्यात माझी भर: सेन्सरच्या आसपासचे सगळे ब्रॅकेट, कंप्रेसरचे बोल्ट, चेनच्या बाजूचं कव्हर हलवून बघा.

चिकोडीची_सई

वाचतेय. मध्येच विचारते, माझी डिझेल गाडी सकाळी स्टार्ट केली की टकटक करते, तिलाही हा सेन्सर असतो का? मिस्त्री म्हणाले डिझेलला नॉक असतोच.

उद्यमबाग

सईताई, डिझेल मुळात दाबानंच पेटतं, तिथं प्लगची ठिणगी नाही. इंधन आत फवारल्यावर पेटायला जो क्षण लागतो तो थंडीत लांबतो आणि साठलेलं इंधन एकदम पेटतं, तो टकटक आवाज. इंजिन गरम झाल्यावर कमी होत असेल तर काळजी नको. गरम झाल्यावरही एकाच सिलिंडरचा ठोका वेगळा ऐकू येत असेल तर इंजेक्टर तपासून घ्या. पेट्रोलसारखा टायमिंग मागं घेणारा नॉक सेन्सर बहुतेक डिझेल गाड्यांत नसतो.

चिकोडीची_सई

गरम झाल्यावर कमी होतो. धन्यवाद काका.

साखरपट्टा

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आमच्या घरी ऊस, गावाजवळ कारखाना, कारखान्याला डिस्टिलरी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. व्हॉट्सॲपवर कुणी म्हणतं इथेनॉलनं गाड्या नॉक मारायला लागल्या. हे उलटं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०० च्या वर आहे, त्यामुळं नॉकिंगची भीती कमी होते. मायलेज थोडं उतरतं हे खरं, कारण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी.

जुन्या गाड्यांत रबरी पाइप आणि सील हा प्रश्न वेगळा, त्याची चर्चा जरूर व्हावी. पण नॉकिंगचं खापर आमच्या उसावर फोडू नका.

कुंदाप्रेमी

उसाचा वकील आला रे :) पण मुद्दा पटला.

निपाणीकर_नाना

कागलची माणसं पेट्रोल भरायला कोगनोळीच्या बाजूला येतात, आपली माणसं गोव्यातून भरून आणतात. सीमेवरच्या माणसाला पंप बदलायची सवयच आहे. त्यामुळं दोन-तीन टाक्या वेगवेगळ्या पंपांवर भरून बघणं आपल्याला सोपं. मलप्रभाकाठ यांनी ते न ठरवताच करून झालंय, आवाज दोन्हीकडच्या पेट्रोलवर येतोय. मग पेट्रोल बाजूला ठेवा की.

तवंदी

माझ्या गाडीचा किस्सा इथं कामाला येईल. पुण्याहून येताना तवंदी घाटात गाडी गळपटली, कोड पी ०३२७. संकेश्वरात एका ओळखीच्या मिस्त्रीनं सेन्सर काढून बघितला तर आधीच्या कुणीतरी सेन्सर आणि ब्लॉक यांच्या मधे स्प्रिंग वॉशर घातलेला! बोल्ट जरा लांब होता म्हणून. वॉशर काढला, ब्लॉकवरची बसायची जागा कापडानं पुसून साफ केली, योग्य लांबीचा बोल्ट आणला, टॉर्क पान्यानं आवळला. सेन्सर तोच. कोड आजपर्यंत परत आलेला नाही.

उद्यमबाग

तवंदी, अगदी मोलाचं सांगितलंत. मधून भोक असलेला चपटा सेन्सर असतो त्याला बॉश २० न्यूटन-मीटर, पाच कमी-जास्त, असा टॉर्क देतं आणि कुठलाही वॉशर घालू नका म्हणतं. सेन्सरचा तळ थेट धातूवर बसला पाहिजे. गंज नको, रंग नको, गॅसकेटचा चिकटा राहू नये. सैल राहिला तर सिग्नल मरतो, अति आवळला तर चकतीवरचा दाब बदलतो. पुष्कळ गॅरेजांत हा बोल्ट अंदाजानं आवळतात, कारण तो इंटेक मॅनिफोल्डच्या खाली असतो आणि पाना नीट शिरत नाही. इतर गाड्यांचा आकडा वेगळा असू शकतो, आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा घ्या.

रामनगर_लोंढा

वायर म्हणताय तर उंदीर बघा! आमच्याकडं जंगलाला लागून घर, गाडी दोन रात्री हलली नाही की बॉनेटखाली संसार थाटतात. माझी इंजेक्टरची वायर कुरतडली होती. मॅनिफोल्डच्या खाली उबदार जागा असते, तिथंच ही वायर जाते.

कुंदाप्रेमी

उंदराला ऑक्टेन कळत नाही, वायर मात्र बरोबर कळते.

रामनगर_लोंढा

हसा, पण बिल माझं झालं :)

जुना_मिस्त्री

मी आता काम करत नाही, पण पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या काळापासून पाना हातात होता. तेव्हा सेन्सर कुठला? डिस्ट्रिब्युटर सैल करून हातानं फिरवायचा, गाडी चढावर घालायची, किंचित किणकिण आली की केसभर मागं घ्यायचा. कानच सेन्सर. पेट्रोलमध्ये शिसं असायचं तेच मुळी नॉकिंग दाबायला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल झालं. ते बरंच झालं, शिसं पोरांच्या अंगात जायचं.

आता या गाडीचं. मलप्रभाकाठ, एक गोष्ट मला जुळत नाही. सेन्सरचं सर्किट बिघडलं असं ईसीएमला कळलं की तो स्वतःहून टायमिंग मागं ओढून ठेवतो, इंजिन वाचावं म्हणून. तुमची ओढ गेली, मायलेज गेलं, ते यामुळंच. पण टायमिंग एवढं मागं असताना खरा नॉक सहसा होत नाही. मग चढावर कटकट कसली? आवाज पत्र्यासारखा आहे की खडे डब्यात हलवल्यासारखा? एक्सलेटर सोडला की लगेच थांबतो का? गाडी उभी करून तितक्याच आरपीएमला येतो का?

मलप्रभाकाठ

पत्र्यासारखा. एक्सलेटर सोडला की थांबतो, पण लगेच नाही, जरा वाजत राहतो. उभ्या गाडीत रेस केली तरी एका ठरावीक आरपीएमला किंचित येतो, हे आत्ता बाहेर जाऊन बघून आलो.

जुना_मिस्त्री

मग तो नॉक नव्हे. उभ्या गाडीवर लोड नसतो, लोडशिवाय नॉक सहसा होत नाही. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरचा पत्रा बघा. आपल्याकडच्या पावसानं त्याचे बोल्ट कुजतात आणि पत्रा थरथरतो. इंजिन थंड असताना हातानं हलवा, गरम असताना हात घालू नका.

अनगोळचा_बाळू

काकांचं म्हणणं पटलं. प्रीमियमचा सल्ला या गाडीपुरता मागं घेतो.

वीजतारा

वा काका! दोन तक्रारी एकत्र आल्या म्हणून एकच कारण शोधत बसलो होतो सगळे.

मलप्रभाकाठ, रविवारी वायरीचं असं करा. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सेन्सरचा कपलर काढून पिना बघा: हिरवट गंज, पाणी, मागं सरकलेली पिन. मग सेन्सरच्या दोन पिनांत ओहम मोजा. इथं फसायला होतं. पुष्कळ सेन्सरांचा रोध १ मेगाओहमच्या वर असतो आणि साधं मीटर तो ओपन दाखवतं, म्हणून चांगले सेन्सर कचऱ्यात जातात. काही गाड्यांत सेन्सरच्या आत रोधक बसवलेला असतो, तिथं काहीशे किलोओहम येतात. त्यामुळं मॅन्युअलमधला आकडा हाताशी असल्याशिवाय ओहमवरून निकाल देऊ नका.

सेन्सर जिवंत आहे का ते बघायला मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा, दोन पिनांना जोडा आणि सेन्सरजवळ ब्लॉकवर लहान पान्यानं टिचकी मारल्यासारखं हळू ठोका. सेन्सरवर मारू नका. आकडा हलला तर चकती जिवंत आहे. किती हलला याला महत्त्व नको, कारण साधी मीटरं काही हजार हर्ट्झवर खरा आकडा दाखवतच नाहीत. तो बघायचा तर ऑसिलोस्कोप लागतो.

मग ईसीएमचा कपलर काढा. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही वायरींची कंटिन्युइटी, म्हणजे वायर मधे कुठं तुटलेली नाही ना, ते बघा. आणि मुख्य म्हणजे सिग्नलची वायर आणि शिल्ड यांच्यामध्ये, तसंच सिग्नलची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये रोध. तिथं मीटरनं ओपनच दाखवायला हवं. मोजताना वायरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातानं हलवत जा. बिघाड पुष्कळदा हलवल्यावरच दिसतो.

निपाणीकर_नाना

इंजिन चालू ठेवून ब्लॉकवर ठोकायचं आणि टायमिंग मागं येतं का बघायचं, असं आम्ही करायचो. ते बरोबर का?

वीजतारा

नाना, काही जुन्या गाड्यांत चालतं. नव्या गाड्यांत उद्यमबाग काकांनी सांगितलेली ती खिडकी असते, ठोका तिच्या बाहेर पडला तर ईसीएम दखल घेत नाही. शिवाय आयडलवर कित्येक ईसीएम नॉकचं ऐकतच नाहीत. टायमिंग हललं तर सर्किट चांगलं, एवढं म्हणता येतं. नाही हललं म्हणून सेन्सर खराब म्हणता येत नाही.

गोकाकफॉल्स

आमची गाडी आवाज करूलाली म्हणून मीबी हा धागा वाचूलालो. सगळं साठवून ठेवलं. ताई, तुम्ही क्लास काढा की ओ!

कारवारची_नीता

एक शंका. समुद्रसपाटीला आमच्याकडं गाड्या उन्हाळ्यात जास्त नॉक करतात असं वडील म्हणतात. बेळगावला गेलं की तीच गाडी गुपचूप चालते. मनाचे खेळ की खरं?

उद्यमबाग

खरं आहे नीताताई. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, हवा विरळ, सिलिंडरमध्ये दाब कमी भरतो, नॉकची शक्यता कमी. कारवारला दाब पूर्ण, शिवाय हवा गरम. नॉकला गरम हवा, चोंदलेला रेडिएटर, पिस्टनवर जमलेला कार्बन, चुकीच्या हीट रेंजचा प्लग आणि खालच्या आरपीएमला वरचा गिअर टाकून रेटणं, ही सगळी मदत करतात. घाटात गिअर उतरवा. आपल्याकडं तिसऱ्यात रडत चढवायची खोड फार आहे, आणि त्यात पेट्रोल वाचतं ही समजूत.

मलप्रभाकाठ

मंडळी, काल अख्खा दिवस गाडीखाली आणि गाडीवर होतो. आई दोनदा जेवायला बोलावून गेली.

फ्रीझ फ्रेम: २४०० आरपीएम, लोड ८० टक्क्यांच्या वर, कूलंट ९१ अंश. म्हणजे चढावरच कोड लागला होता.

सेन्सर नवीन, ठोकल्यावर आकडा उड्या मारतो. खाली वॉशर नाही. बोल्ट मात्र हाताच्या जोरानंच सुटला, टॉर्क पान्यानं आवळलेला नव्हता. कपलर कोरडा, पिना चकचकीत. दोन्ही वायरींची कंटिन्युइटी ठीक. इथवर मला वाटलं आता ईसीएमच उरला.

मग वीजतारा ताईंनी सांगितल्याप्रमाणे सिग्नल आणि शिल्ड यांच्यामध्ये मीटर लावून वायरिंग हलवत गेलो. इंटेक मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला वायरिंग धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली आहे. तिथं वायर एका ब्रॅकेटच्या धारेवर पडून घासत होती. तो भाग दाबला की मीटर काही किलोओहम दाखवतं, सोडला की ओपन. टेप सोलून बघितलं तर वरचं आवरण गेलेलं, शिल्डच्या तारा हिरव्या पडलेल्या आणि त्यातल्या काही आतल्या वायरीत घुसलेल्या. उंदराचा हात नाही, रामनगरकर :)

आणि काका, तुम्हाला साष्टांग. मॅनिफोल्डवरच्या पत्र्याचा एक बोल्ट डोक्यापासून कुजून गेलाय, पत्रा लोंबतोय.

जुना_मिस्त्री

तो बोल्ट काढताना घाई करू नका. रस्ट स्प्रे मारून रात्रभर ठेवा. मोडला तर मॅनिफोल्ड उतरवावं लागेल.

रामनगर_लोंढा

यावेळी उंदीर निर्दोष सुटला. बाकी चढावर इंजिन माउंटावर कलंडतं, वायर धारेवर दाबली जाते, सपाटीवर सुटते. म्हणूनच कोड फक्त चढावर. काय सापडवलंत!

साखरपट्टा

आणि पाऊसही घ्या हिशोबात. आवरण गेलेल्या जागी ओल शिरली, तारा हिरव्या पडल्या. पाऊस ओसरल्यावर दिवा लागला तो उगाच नाही. ईसीएमचे पैसे वाचले, आता कारखान्याचं बिल आलं की आम्हाला पार्टी द्या :)

तवंदी

वायर आता कशी दुरुस्त करणार? खराब तुकडाच कापून जोडायचा की पूर्ण वायर टाकायची?

निपाणीकर_नाना

तुकडा जोडा, टेप मारा. एवढ्याशा कामाला अख्खं वायरिंग कशाला उसवायचं.

वीजतारा

नाना, नुसती टेप नको. तिथली उष्णता आणि तेलाची वाफ काही महिन्यांत टेपचा गोंद सोडवते आणि ओल परत आत जाते. शिवाय हिरवा गंज जाळीतून आतवर पसरतो, तांब्याचा रंग लालसर दिसेपर्यंत मागं कापत जावं लागतं. ते जर वीतभराच्या वर गेलं तर सेन्सरच्या कपलरपासून ईसीएमपर्यंत नवी शिल्डेड वायर टाकलेली बरी. थोडक्यात निभावलं तर जोड द्या, पण दोन्ही वायरींचे जोड एकासमोर एक येऊ देऊ नका, मागंपुढं ठेवा. सोल्डर, प्रत्येकावर हीट श्रिंक, वर जाळी परत ओढून तिचा वेगळा जोड, आणि सगळ्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक.

शिल्डचं अर्थिंग मूळ वायरिंगमध्ये ज्या टोकाला आहे त्याच टोकाला राहू दे, सहसा ते ईसीएमकडं असतं. 'जास्त अर्थिंग बरं' म्हणून दुसरं टोकही बॉडीला जोडू नका. दोन टोकांतून शिल्डमध्ये करंट फिरतो आणि तोच आवाज सिग्नलमध्ये शिरतो. वायर कॉइलच्या वायरींपासून लांबून न्या, क्लिप नवी घ्या आणि ब्रॅकेटच्या धारेवर रबराची पट्टी बसवा.

मलप्रभाकाठ

नवी वायरच टाकली. गंज हातभर आत गेलेला होता. सेन्सर परत मॅन्युअलच्या टॉर्कनं आवळला, टॉर्क पाना शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या दादांकडून आणला. पत्र्याचा बोल्ट रात्रभर स्प्रे खाऊन सकाळी मुकाट्यानं निघाला.

काल कणकुंबीपर्यंत जाऊन आलो, घरच्यांना घेऊन. त्याच चढावर आधी टायमिंग १०-१२ अंशांवर अडकून बसायचं, काल २० च्या आसपास जात होतं. तिसऱ्यात नव्हे, उद्यमबाग काका, दुसऱ्यात चढवली. कोड नाही, पेंडिंग कोडही नाही. कटकट बंद. बायको म्हणाली गाडी बदलली काय.

चिकोडीची_सई

अभिनंदन! जुना सेन्सर फेकून दिला का? मग तो तर चांगलाच असेल.

मलप्रभाकाठ

गॅरेजकडून मागून आणला. ठोकल्यावर तोही आकडा दाखवतो.

उद्यमबाग

मग जपून ठेवा, सुटा भाग म्हणून कामी येईल. पण फरशीवर पडू देऊ नका. सिरॅमिकला आत तडा गेला तर बाहेरून दिसत नाही.

तवंदी

शिल्डेड वायर कुठं मिळाली? आमच्याकडं ऑडिओच्या दुकानात माइकची वायर मिळते, तीही दोन कोअर, वर जाळी. चालेल का?

वीजतारा

चालणार नाही. माइकच्या वायरीचं आवरण इंजिनाजवळच्या उष्णतेला मऊ पडतं आणि पुन्हा तीच घासाघीस सुरू. १२५ अंशांपर्यंत टिकणारी गाडीची शिल्डेड वायर मागा. नवी मिळाली नाही तर भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं वायरिंग बघा, त्यातली कपलरसकट चांगली निघाली तर तीच सगळ्यात बरी.

मलप्रभाकाठ

मी तेच केलं. बेळगावात भंगारवाल्याकडं याच मॉडेलची अपघातातली गाडी होती, तिचं वायरिंग कपलरसकट काढून घेतलं. घ्यायच्या आधी तिथंच मीटर लावून सिग्नल आणि शिल्डमध्ये काही येत नाही ना हे बघितलं, वायरिंग हलवून हलवून. तवंदी, तुम्हाला हवं असेल तर कळवा, तिथं अजून दोन गाड्या आहेत.